दुर्मीळ राहण्याचा हक्क कोणत्याही रेकॉर्डला नाही

नोव्हेंबर १९७७ मध्ये लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या चौघांच्या गटाने 'द सेकंड अ‍ॅन्युअल रिपोर्ट' नावाची रेकॉर्ड काढली. प्रती छापल्या ७८५, कारण हाताशी पैसेच तेवढ्यांपुरते होते. पुढे ज्या यंत्रांच्या, गोंगाटाच्या संगीताला इंडस्ट्रियल संगीत म्हटले जाऊ लागले, त्याची सुरुवात या रेकॉर्डपासून धरतात. तेव्हापासून आजवर ती वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या माध्यमांत पुन्हा पुन्हा काढली आहे आणि दर नव्या आवृत्तीसोबत तोच वाद पुन्हा पेटतो. एका बाजूला जुने चाहते आणि संग्राहक असतात. त्यांच्या मते ही रेकॉर्ड म्हणजे तिच्या काळाचा आणि गरिबीचा पुरावा आहे, रीमास्टर करून, म्हणजे जुन्या टेपवरचा आवाज नव्याने घडवून, जाड व्हिनाइलवर छापली की तिचा जीव जातो. दुसऱ्या बाजूला असतात नैतिक आक्षेप घेणारे. खून, छळ आणि नाझी छावण्या यांचा असा वापर केलेली वस्तू आज नव्याने बाजारात आणायचे कारणच काय, असे ते विचारतात. दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक असल्यासारखे बोलतात, पण दोघांची मागणी शेवटी एकच निघते: ही रेकॉर्ड फार लोकांच्या हाती पडू नये. एकांना ती प्रेमापोटी कपाटात ठेवायची आहे, दुसऱ्यांना तिटकाऱ्यापोटी. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. अशा रेकॉर्डी पुन्हा पुन्हा निघाल्याच पाहिजेत. त्या स्वस्त असाव्यात, सजवलेल्या नसाव्यात, आणि त्यांच्याविषयी मधल्या काळात जे जे गैरसोयीचे कळले, तेही त्यांच्यासोबत यावे.

वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांनी ती सलग ऐकलेली नसते, म्हणून आधी ती रेकॉर्ड आहे तरी काय हे सांगायला हवे. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर ख्रिस्टोफरसन आणि ख्रिस कार्टर हे ते चौघे. गटाचे मूळ हल शहरातल्या 'कूम ट्रान्समिशन्स' या कला-चमूत. ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये कूमचे 'प्रॉस्टिट्यूशन' हे प्रदर्शन भरले. कोझी यांनी अश्लील मासिकांसाठी मॉडेल म्हणून केलेल्या कामाची पाने त्यात कलाकृती म्हणून मांडली होती. उद्घाटनाच्या रात्री थ्रॉबिंग ग्रिसलने वादन केले आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रे तुटून पडली. हुजूर पक्षाचे खासदार निकोलस फेअरबर्न यांनी या मंडळींना 'संस्कृतीचे विध्वंसक' ठरवले. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थेत हे कसे होऊ शकते, यावर संसदेपर्यंत चर्चा गेली. ब्रिटिश सरकार त्याच शरद ऋतूत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात कर्जासाठी उभे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संतापामागची घबराट कळते.

गटाची काम करण्याची जागा पूर्व लंडनमधल्या हॅकनीत, मार्टेलो स्ट्रीटवर, एका जुन्या कारखान्याच्या तळघरात होती. तिला ते 'डेथ फॅक्टरी' म्हणत. ख्रिस कार्टर टीव्ही कंपन्यांमध्ये ध्वनीचे काम केलेले, स्वतः सर्किट जोडणारे तंत्रज्ञ. 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या छंदिष्टांच्या मासिकात १९७५ मध्ये गिटारचा आवाज बदलणाऱ्या एका यंत्राची आकृती छापून आली होती. तिच्यात फेरफार करून त्यांनी जे बनवले, ते 'ग्रिसलायझर' म्हणून प्रसिद्ध झाले आणि गटाचा तो घोगरा, थरथरता आवाज बऱ्याच अंशी त्यातून आला. कोझी रूढ अर्थाने शिकलेल्या गिटारवादक नव्हत्या आणि तसे होण्याची त्यांची इच्छाही नव्हती. ख्रिस्टोफरसन टेपवरचे आवाज कापून, जोडून, मध्येच सोडत. ड्रम वाजवणारा कोणी नाही, म्हणण्याजोगी चाल नाही, आणि जेनेसिस यांचा आवाज कधी कुजबुजणारा तर कधी किंचाळणारा. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर प्रामुख्याने दोनच रचना आहेत, 'स्लग बेट' आणि 'मॅगॉट डेथ'. त्या बहुतांशी वेगवेगळ्या ठिकाणच्या कार्यक्रमांतून, लंडन, साउथॅम्प्टन, ब्रायटन इथून, साध्या कॅसेटवर घेतलेल्या आहेत आणि एकामागून एक ठेवल्या आहेत. दुसरी बाजू संपूर्णपणे 'आफ्टर सीज टू एक्झिस्ट' या कूमच्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला दिलेली आहे, सुमारे वीस मिनिटांचा संथ, काळपट, कुठेही न पोचणारा नाद. वर पांढरे कोरे वेष्टन, त्यावर चिकटवलेला कागद.

आता पहिला पक्ष घेऊ. त्याची बाजू सर्वांत भक्कम रूपात मांडायची तर ती अशी: या रेकॉर्डमधली खरखर, आवाजाचा चिखल, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या मायक्रोफोनमधून आल्यासारखे अंतर, हे सगळे संगीताच्या आड येणारे अडथळे नाहीत, तेच संगीत आहे. ते पुसले तर उरेल काय? हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या ७८ गतीच्या तबकड्या जपणाऱ्यांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांच्या जुन्या मुद्रणावरची खरखर संगणकाने फार घासून काढली, तर तिच्याबरोबर आवाजाची वरची झिलई आणि श्वासही निघून जातो, उरतो तो घशात बोळा कोंबल्यासारखा गायक. तरीही तिथे खरखर ही गायकाची इच्छा नव्हती. ती यंत्राची, लाखेची, घासलेल्या सुईची देणगी होती. थ्रॉबिंग ग्रिसलच्या बाबतीत चौघांनी ती ऐकली, स्वीकारली आणि तशीच छापली. तेव्हा तिथे सफाई करणे अधिकच गैर, यात शंका नाही.

पण रीमास्टर करणे म्हणजे सफाईच, हे कोणी ठरवले? इथे वाद घसरतो. २०११ मध्ये गटाने आपली जुनी इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही कंपनी पुन्हा उभी करून मूळच्या रेकॉर्डी काढल्या, तेव्हा रीमास्टरचे काम ख्रिस कार्टर यांनी स्वतः केले. १९७७ मध्ये ज्यांनी तारा जोडल्या, तेच २०११ मध्ये खुर्चीवर होते. कर्त्याचा हात लागला म्हणून प्रत्येक बदल योग्य ठरतो, असे मी म्हणत नाही. कर्तेसुद्धा आपल्या तरुणपणीच्या कामावर रंग चढवतात आणि ते बिघडवतात. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपलच्या भिंती आणि छत १९८० ते १९९४ या काळात धुतले गेले, तेव्हा कलेतिहासाच्या जाणकारांत उभी फूट पडली. काजळीखाली मायकेलअँजेलोचे खरे रंग सापडले असे एक बाजू म्हणत होती, तर काजळीबरोबर त्याने शेवटी दिलेल्या छायाही धुऊन गेल्या असे दुसरी. त्या वादात दोन्ही बाजूंना निदान एक गोष्ट मान्य होती: छत एकच आहे, धुतले की परत मळवता येत नाही. रेकॉर्डच्या बाबतीत ती अडचणच नाही. नवी आवृत्ती काढली म्हणून जुन्या ७८५ प्रती कोणी घरोघर जाऊन खरवडत नाही. ज्याला १९७७ चा आवाज हवा त्याच्यासाठी तो आहेच. मग तक्रार नेमकी कशाची आहे? नीट ऐकले तर ती आवाजाविषयी फारशी नसतेच. आपल्याकडे आहे ते आता इतरांकडेही असेल, याविषयी ती असते.

शिवाय 'मूळ रूप' हा शब्द या रेकॉर्डला लावणेच मला पटत नाही. एकच रचना तीन ठिकाणी वाजवली, तिन्ही ठिकाणी वेगळी झाली, आणि गटाने त्यातली उत्तम निवडण्याऐवजी तिन्ही एकाच बाजूवर सलग ठेवल्या. असे का केले असेल? जागा भरायला, असे म्हणणे सोपे आहे. पण पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, त्यांनी 'युनायटेड' नावाची एक जवळजवळ गोड म्हणावी अशी एकल रेकॉर्ड (सिंगल) काढली आणि त्याच वर्षीच्या 'डी. ओ. ए.' या मोठ्या रेकॉर्डवर तेच गाणे इतके पळवले की ते काही सेकंदांत संपते. गटाचे कार्यक्रम एकामागून एक कॅसेटवर नोंदले आणि त्यांचा २४ तासांचा संच छोट्या बॅगेत घालून विकला. अमेरिकन लेखक विल्यम बरोज यांचे कापून-जोडून केलेले जुने टेप-प्रयोग १९८१ मध्ये त्यांनीच आपल्या कंपनीतर्फे प्रसिद्ध केले. त्याच कंपनीने एलिझाबेथ वेल्च या ज्येष्ठ गायिकेचे 'स्टॉर्मी वेदर'ही काढले. नक्कल, प्रत, आवृत्ती, संग्रह, जुने पुन्हा बाजारात आणणे, हे सगळे या लोकांच्या विचाराच्या मध्यभागी होते. कंपनीच्या वार्षिक अहवालाचे नाव रेकॉर्डला देणाऱ्यांनी, 'इंडस्ट्रियल म्युझिक फॉर इंडस्ट्रियल पीपल' असे घोषवाक्य मिरवणाऱ्यांनी, उत्पादन आणि वितरण यांना कलेबाहेरची घाण कधी मानले नव्हते. ७८५ या आकड्यावर पावित्र्याचा शेंदूर फासला तो नंतरच्या भक्तांनी.

एका ठिकाणी मात्र मी जुन्या चाहत्यांच्या बाजूने ठामपणे उभा आहे. म्यूट कंपनीने १९९१ मध्ये ही रेकॉर्ड सीडीवर आणली, तेव्हा शेवटी 'झायक्लॉन बी झॉम्बी' आणि 'युनायटेड' ही एकल रेकॉर्डवरची गाणी जोडली. वीस मिनिटांच्या त्या काळोखानंतर रेकॉर्ड जिथे संपते, तिथे शांतता हाच तिचा शेवट आहे. त्या शांततेला लागून दुसऱ्या हेतूने, दुसऱ्या वेळी केलेली गाणी चिकटवणे ही मोडतोड आहे. सीडीवर जागा उरली म्हणून ती भरायची, असा तो काळ होता आणि हा दोष अनेक कंपन्यांनी अनेक रेकॉर्डींबाबत केला. २०११ च्या आवृत्तीत जोडसामग्री वेगळ्या सीडीवर ठेवली, ते बरोबर झाले. आवृत्ती कशी काढावी यावर असेच बारीक, ठोस भांडण व्हायला हवे. आवृत्ती काढावीच का, या भांडणातून ते कधी उगवत नाही.

दुर्मीळपणाने कलेचे नेमके काय होते, याचे उदाहरण याच परंपरेच्या उगमाशी आहे. यंत्र आणि वेग यांचे गोडवे गाणाऱ्या इटालियन फ्यूचरिस्ट कलाकारांपैकी लुइजी रुसोलो याने १९१३ मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला, गुरगुरणारी, फुटणारी, सुंसुं करणारी यंत्रे बांधली, १९१४ मध्ये मिलानच्या रंगमंचावर ती वाजवली आणि प्रेक्षागृहात मारामारी झाली. त्याची यंत्रे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. आवाज म्हणून मागे राहिले ते १९२१ चे, त्याच्या भावाच्या संगीतरचनांचे अगदी थोडे मुद्रण, आणि त्यातही वाद्यवृंदाखाली यंत्रे दबलेली आहेत. परिणाम काय झाला? रुसोलोविषयी शंभर वर्षे आपण त्याच्याच शब्दांवर विसंबून बोलतो आहोत. त्याचे संगीत खरोखर थोर होते की जाहीरनामाच तेवढा थोर, हे विचारायची सोयच राहिली नाही. जे ऐकता येत नाही त्याच्याशी भांडता येत नाही, त्याची फक्त आख्यायिका होते. थ्रॉबिंग ग्रिसलचे तसे व्हावे असे त्यांच्या चाहत्यांना का वाटावे? 'सेकंड' अहवाल आहे म्हणजे 'फर्स्ट'ही असणार, आणि तो होताच. १९७५ चे ते मुद्रण गटाने तेव्हा प्रसिद्ध केले नाही, तर ते चोरट्या मार्गाने फिरत राहिले. अधिकृत आवृत्ती नसली म्हणून रेकॉर्ड थांबत नाही. ती वाईट आवाजात, चुकीच्या माहितीसह आणि कर्त्यांना एक पैसाही न देता फिरते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या अशुद्धतेचा हिशेब कधी दिलेला नाही.

दुसरा पक्ष अधिक गंभीर आहे आणि त्याला उत्तर देणे अवघड आहे. 'स्लग बेट'मध्ये घरात घुसून एका कुटुंबावर केलेल्या अत्याचाराचे वर्णन मारेकऱ्याच्या तोंडून, प्रथमपुरुषी येते. ते ऐकवत नाही, आणि ऐकवू नये म्हणूनच ते तसे केले आहे. इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सचे बोधचिन्ह म्हणजे ऑशविट्झच्या दहनभट्टीच्या इमारतीचे छायाचित्र. शिवाय 'झायक्लॉन बी' हे नाझी छावण्यांत वापरलेल्या विषारी वायूचे नाव गाण्याच्या शीर्षकात. यावर गटाचे समर्थक एक ठरलेले उत्तर देतात: औद्योगिक समाजाचे टोक म्हणजे माणसे मारण्याचा कारखाना, हेच त्यांना दाखवायचे होते. या उत्तरात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही असे मला वाटते. दाखवणे आणि वापरणे यांत फरक असतो. दाखवणारा बळी गेलेल्यांना कुठेतरी जागा देतो. या रेकॉर्डमध्ये बळींचा आवाज नाही, मारणाऱ्याचाच आहे. युद्ध संपून जेमतेम तीस वर्षे झाली होती, छावण्यांतून वाचलेली माणसे लंडनच्याच रस्त्यांवरून चालत होती. ती बोधचिन्हाकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, हा प्रश्न चौघांनी स्वतःला पुरेसा विचारला असे दिसत नाही. नंतर आलेल्या अनेकांनी तर विचार टाकून फक्त गणवेश उचलला. लष्करी कपडे, चिन्हे, दहशतीची छायाचित्रे हा इंडस्ट्रियल संगीताच्या एका मोठ्या भागाचा पोशाख होऊन बसला, आणि त्या पोशाखाआड खरेखुरे फॅसिझमप्रेमीही आरामात शिरले. याची जबाबदारी पूर्णपणे अनुकरण करणाऱ्यांवर ढकलून मोकळे होता येणार नाही.

एवढे मान्य केल्यावरही मी पुनर्प्रकाशनाच्या बाजूने का? कारण चिन्ह पसरायला रेकॉर्ड लागत नाही. बिल्ल्यावर, टी-शर्टवर, मासिकाच्या मुखपृष्ठावर चिन्ह आवाजाशिवायही सहज प्रवास करते, आणि आवाजाशिवाय ते फक्त रुबाबदार दिसते. रेकॉर्ड प्रत्यक्ष ऐकणाऱ्याला मात्र रुबाब सापडत नाही. 'स्लग बेट' ऐकून मारेकरी बनावेसे वाटणे कठीण आहे, त्यातला माणूस बलाढ्य वाटत नाही, किळसवाणा आणि केविलवाणा वाटतो. ज्यांना या गटाच्या नाझी चिन्हांविषयी प्रश्न विचारायचे आहेत, त्यांना पुरावा हवा की नको? रेकॉर्ड बाजारातून काढून टाकली तर खटला चालणार कशावर? १९७६ मध्ये फेअरबर्न आणि वर्तमानपत्रांनी जे केले, ते आठवा. ओरड झाली, मथळे झाले, आणि चौघांना त्या ओरडीतून आयती कीर्ती मिळाली. 'संस्कृतीचे विध्वंसक' हा शिक्का पुढे त्यांच्या चरित्रग्रंथाचे शीर्षक झाला. त्या प्रदर्शनात कोझी यांनी मांडलेला खरा प्रश्न, म्हणजे स्त्रीचे शरीर कोण विकते, कोण विकत घेते आणि त्या चित्राची मालकी कोणाची, तो मात्र आरडाओरड्यात बुडाला. त्याची चर्चा व्हायला चाळीस वर्षे लागली.

आणि ती चर्चा सुरू झाली ती पुनर्प्रकाशनाच्याच काळात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. २०१७ मध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या. हल शहर त्या वर्षी ब्रिटनचे सांस्कृतिक नगर होते आणि तिथे कूमच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. म्यूटने चाळीस वर्षांच्या निमित्ताने 'द सेकंड अ‍ॅन्युअल रिपोर्ट' पांढऱ्या व्हिनाइलवर पुन्हा काढली. आणि कोझी फॅनी टुटी यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. जेनेसिस यांनी आपल्यावर सत्ता गाजवली, हिंसा केली, असे त्यांनी त्यात तपशिलाने लिहिले. जेनेसिस यांनी ते आरोप नाकारले. जेनेसिस यांचे २०२० मध्ये निधन झाले, ख्रिस्टोफरसन त्याआधीच, २०१० मध्ये गेले होते. आता आक्षेप घेणारे म्हणतात, हे सगळे कळल्यावरही ती रेकॉर्ड विकत घ्यायची?

मी उलट विचारतो: रेकॉर्ड कोणाची आहे? ती जेनेसिस यांची एकट्याची कधीच नव्हती. गटाचा इतिहास अनेक वर्षे एकाच व्यक्तीभोवती सांगितला गेला, कारण तोंड त्या व्यक्तीचे होते, मुलाखती त्या व्यक्तीच्या होत्या. पण त्या आवाजाचा सांगाडा कार्टर यांनी बांधला, त्यातली भेसूर वीज कोझी यांच्या गिटारची, आणि टेपवरची भुते ख्रिस्टोफरसन यांची. एकावरच्या आरोपामुळे चौघांचे काम गाडून टाकायचे, म्हणजे जिने तक्रार केली त्या स्त्रीचेही नाव आणि कमाई पुसायची. हा न्याय कोणता? कोझी यांनी स्वतः तसे मागितलेले नाही. त्या आणि कार्टर आपल्या जुन्या कामाची देखरेख करत आले आहेत. त्यांचे आत्मचरित्र वाचून ही रेकॉर्ड पुन्हा ऐकली की ती बदलते. 'स्लग बेट'मधला आवाज धमकावतो तेव्हा त्याच मंचावर दोन पावलांवर कोण उभे होते, हे आता ऐकणाऱ्याला माहीत असते. गिटारचा तो ओरखडा आता नुसता पार्श्वभूमीचा गोंगाट राहत नाही. ही ऐकण्यातली भर कोणी घातली? पुस्तकाने घातली, पण रेकॉर्ड हाताशी नसती तर ती भर घालायला जागाच नव्हती.

तिसरा एक आक्षेप दोन्ही पक्षांत विखुरलेला असतो आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. प्रतिष्ठा. संस्कृतीचे विध्वंसक आता संस्कृतीचा ठेवा झाले, सरकारी निधीच्या प्रदर्शनात त्यांच्यावर माहितीफलक लागले, पांढऱ्या व्हिनाइलवर त्यांची वर्षपूर्ती साजरी झाली. जे सहन होऊ नये म्हणून केले, ते काचेआड ठेवले की सहन होऊ लागते. हे खरे आहे. प्रत्येक बंडाचे हे होते, आणि पुनर्प्रकाशन त्याला हातभार लावते, हेही खरे. गटाने स्वतः २००८ मध्ये पॅरिसला ही रेकॉर्ड नव्याने वाजवली आणि 'द थर्टी-सेकंड अ‍ॅन्युअल रिपोर्ट' म्हणून काढली. तिची मर्यादित, चौकटीत बसवलेली आवृत्ती मला आवडली नाही. भिंतीवर टांगण्याजोगी रेकॉर्ड हे त्याच संग्राहक-वृत्तीला दिलेले खाद्य होते. पण प्रतिष्ठेवर उपाय दुर्मीळपणा नाही. दुर्मीळ वस्तूइतके प्रतिष्ठित दुसरे काय असते? एखादी रेकॉर्ड बोथट करायची असेल तर तिच्या थोड्या प्रती ठेवा, त्यांची किंमत आकाशाला भिडू द्या, आणि ती फक्त लिलावात आणि संग्रहालयात दिसू द्या. ती धारदार ठेवायची असेल तर सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती पडू द्या, ज्यांना तिचा इतिहास माहीत नाही आणि जे तिच्यावर खरोखर चिडू शकतात.

स्ट्रीमिंगमुळे हा सगळा वाद निरर्थक झाला, असे म्हणणारे हल्ली भेटतात. सगळेच सगळीकडे आहे, मग आवृत्तीची चर्चा कशाला? मला उलट वाटते. तिथे ही रेकॉर्ड बोटभर चित्र होऊन येते, तिच्यामागून यंत्र भलतेच काहीतरी लावते, आणि कोण, कुठे, कधी, कशासाठी यातले काहीच सोबत नसते. 'आफ्टर सीज टू एक्झिस्ट' संपल्यावरची ती शांतताही तिथे मिळत नाही. संदर्भाशिवाय फिरणारे चिन्ह धोक्याचे, असे मी वर म्हटले. संदर्भाशिवाय फिरणारा आवाजही तसाच.

म्हणून आज या रेकॉर्डची नवी आवृत्ती काढणाऱ्याकडून माझ्या मागण्या ठरलेल्या आहेत. प्रतींवर कृत्रिम मर्यादा नको, क्रमांक घातलेल्या प्रती नकोत. विद्यार्थ्याला परवडेल अशी किंमत. पहिल्या बाजूच्या आवाजाला शक्य तितका कमी हात, आणि दुसऱ्या बाजूनंतर काहीही नाही. सोबत एक पुस्तिका, गौरवग्रंथ नव्हे: १९७६ च्या प्रदर्शनाविरुद्ध वर्तमानपत्रांनी काय लिहिले ते जसेच्या तसे, कार्टर यांनी तारा कशा जोडल्या त्याची आकृती, कोझी यांची बाजू आणि जेनेसिस यांनी दिलेला नकार, दोन्ही. आणि बोधचिन्हाविषयी एक पान, गटाच्या समर्थकाकडून नको, नाझी छावण्यांचा अभ्यास करणाऱ्या, या संगीताशी काही देणेघेणे नसलेल्या इतिहासकाराकडून. त्या पानात गटाला दोषी ठरवले असले तरी चालेल. ते छापायची हिंमत कंपनीने दाखवावी.